डाव्या हातांचा पायमोजा

मी, धम्मदीप सटवाजी घनसावंत, वय आधारकार्डाप्रमाणे अठ्ठावीस, मायच्या हिशोबाने सव्वीस, शिक्षण सातवी, धंदा प्लास्टिकच्या कारखान्यात मशीनवर मजुरी, मूळ राहणार मौजे चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी, हल्ली मुक्काम राजकोट, राज्य गुजरात, आज रोजी पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून, कोणाच्या धाकाने किंवा भुलवण्याने नव्हे तर स्वतःच्या जिद्दीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. दारू घेतलेली नाही. ताप नाही. श्वास चालू आहे. श्वासाचं मृत्युपत्रात लिहायची पद्धत नाही, पण माझ्या बाबतीत ते लिहावं लागतं, कारण गावाकडे माझ्या मरणाचं जलदान उरकलेलं आहे.

थोडक्यात हकीकत अशी. दिवाळीनंतर मी जुना कारखाना सोडून नवा धरला. त्या गडबडीत मोबाईल मशीनच्या गार पाण्याच्या टाकीत पडला आणि त्याच आठवड्यात मी गावाकडे एक गाठोडं पाठवलं. गाठोडं पोचलं, माझा फोन लागेना, म्हणून घरच्यांनी मला मेलेलं धरलं. माझा थोरला भाऊ सिद्धोधन याने जलदानाची छापलेली पत्रिका जोडून ग्रामपंचायतीत अर्ज दिला, की कालकथित धम्मदीप याचं नाव घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावरून कमी करावं. तिथं त्याला मृत्यूचा दाखला मागितला. तो कुठून आणणार? अर्ज तसाच पडून आहे. मी जिवंत आहे हे कळल्यावरही दादाने अर्ज मागे घेतलेला नाही. म्हणतो, "समोर येऊन उभा ऱ्हा, मग घेतो."

मेलेल्या माणसाला मृत्युपत्र करता येत नाही. म्हणून मी करतो.

हा कागद मी बन्सीधरच्या चुलत्याच्या मृत्युपत्राची झेरॉक्स समोर ठेवून लिहीत आहे. बन्सीधर पेडगावचा, माझ्या खोलीवर राहतो, त्याच्या घरी शेती आहे. त्या झेरॉक्समध्ये विहीर, मोटार, बैलजोडी आणि आंब्याची झाडं आहेत. जिथं जिथं त्यांची विहीर आली तिथं मी माझ्याकडे काय आहे ते लिहीत आहे. कायद्याची भाषा तिथली, बाकी माझी.

कलम १. वारस. माझी माय गीताबाई. थोरला भाऊ सिद्धोधन, ज्याला मी दादा म्हणतो. मधली बहीण शुभदा, जिला मी अक्का म्हणतो. वडील सटवाजी कालवश, ते खरोखरचे. माझं लग्न झालेलं नाही. विषय दोनदा निघाला आणि दोन्ही वेळेस मी गाव बदललं. पुणे केलं, सुरत केली, वापी केली, आता राजकोट. धम्मा एका जागी टिकत न्हाई असं दादा चारचौघात सांगतो. खरं आहे, माझं काही म्हणणं नाही. टिकायला जागा लागते, आणि मला माझी म्हणावी अशी एकच जागा आहे, ती पुढच्या कलमात.

कलम २. स्थावर. मौजे चारठाणा येथील आमच्या घराची रस्त्याकडची पत्र्याची एक खोली, जिच्या चतुःसीमा अशा: पूर्वेस गावरस्ता, पश्चिमेस दादाच्या दोन खोल्या, उत्तरेस विहाराकडे जाणारी बोळ, दक्षिणेस लिंबाचं झाड व त्याच्या पलीकडे तानुबाईचं अंगण. ही खोली वडिलांच्या माघारी वाटणीत माझ्याकडे आली. दादाला दोन, मला एक, कारण त्याला लेकरं आहेत.

अक्काला वाटणीत काही आलं नाही, त्याचं कारण लिहून ठेवणं जरुरीचं आहे. आमच्याकडे बाप गेला की भाऊ लोक बहिणीला गाडीत बसवून तालुक्याला नेतात, तिला तिथं भजे-जिलबी खाऊ घालतात आणि हक्कसोडीवर सही घेतात. सगळ्यांच्या बहिणी करतात म्हणून आमच्याही बहिणीने केली. दादा तिला म्हणाला, "शुभे, तुझं सासर हाय की. अन् भाऊ कुठं पळून जायलेत तुझे?" अक्काने सही केली. पुढं सासरच्यांनी तिला माघारी आणून सोडलं. तेव्हा दादा म्हणाला, "पाव्हणी म्हणून ऱ्हा." तेव्हापासून आमची अक्का स्वतःच्या बापाच्या घरात पाहुणी आहे. पाहुणीसारखी राहते, म्हणजे सगळ्यात आधी उठते आणि सगळ्यात शेवटी जेवते.

तरी वरील खोली, तिचे पत्रे, दार, कडी, लाईटचं मीटर आणि दारासमोरच्या दोन फरश्या यांसह, मी माझी बहीण शुभदा हिला देत आहे. तिच्या हयातीपुरती नाही. कायमची. तिनं विकावी, भाड्यानं द्यावी, निळी रंगवावी, कुलूप घालून किल्ली कमरेला लावावी, कोणी विचारू नये. मायला त्या खोलीत तहहयात राहण्याचा हक्क राहील. दादाला ती खोली झेरॉक्सच्या दुकानाला भाड्यानं द्यायची आहे, असं माझ्या कानावर आलेलं आहे. दादाने स्वतःच्या दोन खोल्यांपैकी एक द्यावी. झेरॉक्सवाला रस्त्यापासून आत यायला तयार नसेल तर तो त्यांचा प्रश्न.

कलम ३. धंदा व त्यातील हत्यारं. मी काय काम करतो हे गावात कुणाला नीट माहीत नाही. दादा सांगतो, "खेळण्याच्या कंपनीत हाय," आणि हसतो. म्हणून एकदाचं लिहितो.

एका जपानी कंपनीचं खेळणं आहे. आधी गाडी असते. तिचे दरवाजे उघडून, चाकं वळवून, बॉनेट खाली ओढलं की गाडीतून माणूस उभा राहतो. रोबोट. त्यातला महागाचा माल जड असतो, अंगभर सांधे, एक एक बोट वेगळं, काचेच्या खिडकीच्या डब्यात बसून विमानाने येतो. तो मी एकदाच पाहिला, ऑफिसात नमुना म्हणून आला होता, हात लावू दिला नाही. आम्ही काढतो तो त्याच नावाखालचा स्वस्त माल, पुठ्ठ्यावर चिकटवून टपरीला लटकवायचा. मोठ्याला तीस सांधे तर आमच्याला सहा. डोळे स्टिकरचे. आणि हाताची मूठ कायम आवळलेली, कारण बोटं वेगळी काढायची तर साचा महाग पडतो. बन्सीधर म्हणतो, "आपल्या मालाकडं बघितलं की वाटतं हा आता मारतोय का काय." मला आमचा माल आवडतो. मोठा रोबोट कपाटात उभा राहतो. आमचा लेकरांच्या खिशात असतो, चिखलात असतो, पाण्याच्या टाकीत बुडून वर येतो.

एकाच साच्यात प्लास्टिकचा लाल दाणा टाकला की नायक निघतो, जांभळा टाकला की त्याचा दुश्मन. तेच हात, तेच पाय, तेच तोंड. मग पुठ्ठ्यावर दोघांची लढाई छापतात. लाल संपवून जांभळा चालू करताना मधी थोडा माल असा निघतो की ज्यात दोन्ही रंग ढगासारखे एकात एक शिरलेले असतात. तो रिजेक्ट. कंपनी तो गोण्यात भरून भंगारात देते. मी गेटपास करून, पावती घेऊन, भंगारवाल्याच्या आधी तो विकत घेतो. हे पावतीचं मुद्दाम लिहिलं, कारण जिंतूरच्या एका शहाण्याने "चोरीचा माल हाय का?" असं अक्काला विचारलं होतं.

हत्यारं पुढीलप्रमाणे: मालाच्या कडेचे पापुद्रे काढायचा कटर एक, चिमटा एक, बारीक पेचकस, कानस, आणि लाल मुठीची पक्कड. सर्व अक्काला. सोबत एक सूचना. सांधा घट्ट बसत असेल तर जोर करू नये. चहाचं पाणी उकळलं की त्यात तो तुकडा थोडा वेळ धरावा, मऊ होतो, मग अलगद बसतो. चहा नंतर प्यायला हरकत नाही, पण मी प्यालेलो आहे, चव बरी नसते.

कलम ४. जंगम. रिजेक्ट मालाच्या सर्व गोण्या, इथल्या खोलीवरच्या व गावाकडे पोचलेल्या, अक्काला.

या मालाचं अक्का काय करते, तेही लिहितो. मी हात, पाय, डोकी, छात्या, चाकं पाठवतो. ती त्यातून रोबोट उभे करते. लाल छातीला जांभळा हात, हिरव्या डोक्याला पांढरा पाय. ढगाळ रंगाचा तुकडा मिळाला तर तो ती छातीलाच लावते, झाकून ठेवत नाही. चारठाण्याच्या जत्रेत बसते, येलदरीच्या बाजारात बसते आणि फेब्रुवारीत परभणीच्या उरसात बसते. मागच्या उरसात तिच्या शेजारी डब्यातला माल विकणारा एकजण होता. गिऱ्हाईक अक्काकडे वळायला लागलं तेव्हा तो ओरडला, "ओ बाई, डुप्लिकेट माल हाय तुमचा!"

अक्का म्हणाली, "भाऊ, तुझ्या फळीवर बघ. सगळे एकासारखे एक. माझ्या चादरीवर एकासारखा दुसरा दाखव. डुप्लिकेट कुणाचा?"

त्या माणसाने दुपारी स्वतःच्या पोराला अक्काकडे पाठवलं. पोराने ढगाळ छातीचा नेला. अक्काने त्याला भाव कमी केला नाही.

आमच्या गावात जुन्या काळची देवळं आहेत. तिथल्या दगडी मूर्तींचे हात तुटलेले, नाकं गेलेली, तरी लांबून लोक येऊन फोटो काढतात, वाकून बघतात. आणि आमची अक्का तुटक्याला हात लावून उभं करते तर दादा म्हणतो, "भंगार मांडून बसली." हे वाक्य दादाने परत घ्यावं अशी अट मी घालणार होतो. बन्सीधर म्हणाला, मृत्युपत्रात अशी अट चालत नाही. तरी लिहून ठेवली.

कलम ५. एक वाकळ, मायने जुन्या लुगड्यांची शिवलेली. ही वाकळ मायची मायला परत.

सगळा घोटाळा या वाकळेने केला. नव्या खोलीवर जाताना माझ्याकडे गोणी नव्हती आणि माल होता. स्टिकर लावलेली डोकी एकमेकांवर घासली की डोळे खरवडतात. म्हणून मी माझेच कपडे घेतले. डावे हात एका पायमोजात भरले, उजवे दुसऱ्या पायमोजात. डावे पाय शर्टाच्या डाव्या बाहीत, उजवे उजव्या बाहीत, बाहीची तोंडं सुतळीने बांधली. डोकी टोपीत. मधी चप्पल घातली, दाब बसू नये म्हणून. सगळं वाकळेत गुंडाळून गाठ मारली आणि ट्रान्सपोर्टने जिंतूरला टाकलं. चिठ्ठी घातली नाही. फोन करणार होतो, तर फोन पाण्यात.

आता आमच्या गल्लीचं ऐका. मागच्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या एकाचं सुरतेत काही बरंवाईट झालं, तेव्हा त्याच्या ठेकेदाराने त्याचं सामान असंच त्याच्याच पांघरुणात बांधून ट्रान्सपोर्टने धाडलं होतं. माणूस नाही, चिठ्ठी नाही, नुसतं गाठोडं. त्यामुळे माझं गाठोडं ओसरीवर उतरलं आणि माय वाकळ बघूनच खाली बसली. गाठ सोडली तर शर्ट, शर्टाच्या बाह्या फुगलेल्या, आणि बाहीची सुतळी काढली तर आतून बारके बारके पाय मांडीवर सांडले. मायने जो हंबरडा फोडला तो म्हणे देवळापर्यंत गेला.

पुढचं मला अक्काने सांगितलं, ते तिनं सांगितलं तसं देतो.

दादा म्हणाला, "वाकळ आली. कपडे आले. चप्पल आली. माणूस कुठाय?"

अक्का म्हणाली, "माणूस कामावर हाय."

"शुभे, फोन बंद हाय त्याचा. जुन्या ठेकेदाराला इचारलं, तो म्हणतो इथं कुणी न्हाई, खाट रिकामी हाय."

"खाट रिकामी म्हंजे दुसरीकडं गेला. त्याचं कधी एका खाटंवर भागलंय?"

माय म्हणाली, "माझी वाकळ तो जिता असता तर अंगावरून काढला नसता गं."

तेव्हा अक्काने दोन्ही पायमोजे मायसमोर उलटे केले. "माय, हे बघ. हे सगळे डावे. अन् हे सगळे उजवे. मेलेल्याचं सामान कंपनी डावं-उजवं करून धाडती का? कंपनी बोचक्यात कोंबती. हे त्यानं बसून केलंय. माझ्यासाठी केलंय, मला जोड्या लावायला सोपं जावं म्हून."

दादा म्हणाला, "हिला येड लागलंय, भावाचं दुःख हाय."

कुणी ऐकलं नाही. पत्रिका छापल्या. कालकथित धम्मदीप. फोटो माझ्या आधारकार्डावरचा मोठा केला, त्यात मी तसाही मेल्यासारखाच दिसतो. मांडव पडला. अक्का मांडवात बसली नाही. ती रस्त्याकडच्या खोलीत, माझ्या खोलीत, उंबऱ्यावर बसली आणि सगळ्यांच्या देखत त्या गाठोड्यातले हात जोडायला लागली. बायका जाता-येता म्हणायच्या, "भाऊ गेला अन् ही खेळायलीय बघ." ती मान वर करायची नाही.

मी खोली तिला कामून दिली हे ज्याला अजून कळलं नसेल त्याने हे कलम परत वाचावं.

कलम ६. मोबाईल, नवा घेतलेला, बोलताना तोंड दिसणारा. हा मायला. माझ्या माघारी त्यातले फोटो पुसू नयेत.

नवा मोबाईल घ्यायच्या आधी मी बन्सीधरच्या फोनवरून अक्काला फोन लावला. ती तारीख मुद्दाम लिहीत नाही, कारण ती पत्रिकेवर छापलेली आहे.

"अक्का, मी धम्मदीप."

"मला म्हाईत हाय. कुठं मेला होतास?"

"मोबाईल पाण्यात पडला. गाठोडं पोचलं का?"

"पोचलं. आरं, तुझं जलदान चालू हाय. पंगत बसायलीय."

"कुणाचं?"

"तुझंच."

मागून माईकवर गाथा ऐकू येत होत्या. मी बन्सीधरकडे बघितलं, तो माझ्याकडे. अक्का म्हणाली, "थांब, ठेवू नको." आणि ती उठली. फुलांच्या, उदबत्तीच्या मधून सरळ गाथा म्हणणाऱ्या भंतेजींपाशी गेली आणि फोन माईकला लावला. "बोल," म्हणाली. मी म्हणालो, "जयभीम. मी धम्मदीप बोलायलोय. मी राजकोटला हाय. बरा हाय."

मग दादाचा आवाज आला. "आवाजाचं काय घेऊन बसलाव? आजकाल मोबाईलमधून कुणाचाबी आवाज काढायलेत. जरा येळानं पैसे मागंल, बघा."

कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "मग इचारा की काहीतरी." तेवढ्यात मायने फोन घेतला. तिने माझं नाव विचारलं नाही, बापाचं नाव विचारलं नाही. म्हणाली, "धम्मा, जेवलास का?"

"न्हाई माय, अजून न्हाई."

"इथं बुंदी हाय रे," म्हणाली.

भंतेजींनी तोच माईक हातात घेऊन मला दीर्घायुष्य मिळो म्हणून मंगल गाथा म्हटल्या. स्वयंपाक झालेला होता, लोक जेवले. माझ्या नावाने गाव जेवलं याचा मला आनंद आहे. बुंदी चांगली झाली होती, असं तीन जणांनी सांगितलं. एकाने तर मला फोन करून सांगितलं.

कलम ७. भिंतीवरचा माझा फोटो. हा काढू नये. बापाच्या फोटोशेजारी जागा मिळायला लोकांना मरावं लागतं, मला फुकटात मिळाली. फक्त खाली रंगाने लिहिलेली कालवशची तारीख खरवडून काढावी, अक्काकडे कानस आहे. हार राहू द्यावा, प्लास्टिकचा आहे, मला त्याची हरकत असायचं कारण नाही. पत्रिकांचा उरलेला गठ्ठा दादाने अक्काला द्यावा. मागची बाजू कोरी आहे, उरसात भाव लिहायला कामाला येईल.

कलम ८. दादा. थोरल्या भावाला वगळलं असं कोणी म्हणू नये, म्हणून हे वेगळं कलम.

आम्ही लहान असताना बापाने परभणीच्या उरसातून एक रोबोट आणला होता. हाच, याच जपानी नावाचा, स्वस्तातला. दोघांत एक. बापाने निवाडा केला: गाडी असेल तेव्हा सिद्धोधनची, माणूस झाला की धम्मदीपचा. दादाने तो कधी माणूस होऊच दिला नाही. एक दिवस ओढाताणीत त्याचा डावा पाय निघाला. पाय दादाकडे राहिला, बाकी धड माझ्याकडे. तो पाय अजून दादाच्या लोखंडी पेटीत, शाळेच्या दाखल्याच्या पिशवीत आहे. मला माहीत आहे. वहिनीने सांगितलं. वहिनीला यावरून बोलू नये.

ते धड मी पुणे, सुरत, वापी सगळीकडे बरोबर नेलं आहे. आमच्या कारखान्यातला डावा पाय त्याला बसतो का ते मी बघितलं. बसतो. लावून परत काढला. ती जागा रिकामी ठेवली आहे.

तरी माझं असं म्हणणं आहे, की दादाने तो पाय स्वतःच्या हाताने अक्काला नेऊन द्यावा आणि त्याच वेळेस ग्रामपंचायतीतला अर्ज मागे घेतल्याची पोच दाखवावी. अक्काने पाय जोडावा. मग तो अख्खा रोबोट दादाचा, गाडी पण आणि माणूस पण, त्याने लोकांचं देवघर असतं तिथं ठेवावा नाहीतर लेकरांना द्यावा. पाय नाही दिला तर धडही मिळणार नाही आणि आम्ही दोघं भाऊ अर्धे अर्धे तसेच राहू. दादाच्या लेकरांवर माझा राग नाही. त्यांनी अक्काच्या खोलीत येऊन कोणताही एक एक रोबोट निवडावा, आजच, माझ्या मरणाची वाट बघू नये.

या मृत्युपत्राविरुद्ध दादाने वाद केला तर जिथं वाद करील तिथं त्याने आधी हे सांगावं, की हे लिहिणारा मेलेला होता की जिवंत. मेलेला होता म्हणाला तर दाखला आणावा. जिवंत होता म्हणाला तर कागद खरा.

कलम ९. अंत्यविधी. मी जिथं असेन तिथंच करावा, गावाकडे न्यायचा खर्च करू नये. जलदान परत घालू नये. एकदा झालेलं आहे, लोक जेवलेले आहेत, आणि भंतेजींना एकाच माणसासाठी दोनदा तसदी देणं बरं दिसत नाही. बुंदी करायचीच झाली तर मी उरसाला गावाकडे येणार आहे तेव्हा करावी, म्हणजे मला खाता येईल. मी येणार ते अक्काच्या चादरीशेजारी बसून माल विकायला. दादासमोर जिवंत असल्याची हजेरी द्यायला नाही. त्याला बघायचं असेल तर त्याने उरसात यावं आणि गिऱ्हाइकासारखं उभं राहावं.

कलम १०. बन्सीधर. झेरॉक्सवरून असं कळतं, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. बन्सीधर साक्षीदार आहे, म्हणून तो तोंड फुगवून बसलेला आहे. त्याला माझा टेबलफॅन पाहिजे होता. तो मी त्याला आत्ताच, सही करायच्या आधी, जिवंतपणी दिला. फॅन त्याच्या खाटेकडे वळवलेला आहे. या मृत्युपत्राशी त्या फॅनचा काही संबंध नाही. दुसऱ्या साक्षीदार कमलबाई, ज्या हिंगोलीकडच्या असून इथं आमची खानावळ चालवतात, त्यांना काही नको आहे. त्या म्हणाल्या, "मला कायला पाहिजे? डबा टायमावर नेत जा." हे मी मान्य केलं आहे.

कलम ११. हे शेवटचं, आणि झेरॉक्समध्ये असं कलम नाही.

मी मेलो की नाही हे ठरवण्याचा अधिकार मी आजपासून एकट्या शुभदा सटवाजी घनसावंत हिला देत आहे. भाऊ, ठेकेदार, कंपनी, गल्ली, पत्रिका छापणारा, यांपैकी कोणालाही तो नाही. एकदा सगळं गाव एका बाजूला होतं आणि ती दोन पायमोजे घेऊन दुसऱ्या बाजूला होती, आणि तिचं खरं निघालं. तिने नाही म्हटलं तर मी नाही मेलेलो, मग फोन कितीही दिवस न लागो.

पुढं कधी माझं सामान आलं तर गाठ अक्कानेच सोडावी, बाकीच्यांनी मागं उभं राहावं. डावे वेगळे आणि उजवे वेगळे निघाले तर मांडव घालू नये. मी कुठंतरी आहे, खाट बदलली असेल. आणि अक्का, जर का डावे-उजवे एकात एक कोंबलेले आले, डोकी कुठं, पाय कुठं, सगळं नुसतं बोचकं, तर मग तूच उठून सगळ्यांना सांग. रडायचं असेल तर रड, तुला कोणी येड लागलं म्हणणार नाही. मग स्वतःच्या खोलीत उंबऱ्यावर बस आणि ते डावे-उजवे वेगळे कर. तुझ्याशिवाय ते कुणाला जमत नाही. उरूस जवळ आला असेल.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र वाचून, बन्सीधरला वाचून दाखवून, एक शब्द खोडून (तो दादाबद्दल होता), स्वखुशीने सही केलेलं आहे. एक प्रत अक्काला, एक ग्रामपंचायतीला, एक दादाला, तिन्ही रजिस्टर पोस्टाने. गाठोड्यात घातलेली नाही.

लिहून ठेवणार:
(सही) धम्मदीप सटवाजी घनसावंत
सोबत डाव्या हाताचा अंगठा, ग्रामपंचायतीने बोट जिवंत माणसाचं असल्याची खात्री करून घ्यावी.

साक्षीदार:
वर सही करणारा इसम आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत जिवंत होता, दोन चपात्या व वांग्याची भाजी जेवला, पाणी प्याला आणि मग त्याने सही केली, याबद्दल आम्ही सह्या करतो.

१. (सही) बन्सीधर, मूळ राहणार पेडगाव, ता. जि. परभणी. भाजीत मीठ कमी होतं असं त्याने बोलून दाखवलं, हेही खरं आहे.

२. (सही) कमलबाई, खानावळ. मीठ बरोबर होतं.

मुक्काम: राजकोट
दिनांक: १२ जानेवारी २०२५, रविवार, सुट्टीचा दिवस